धर्मराज जिनगरानं बुजवलेली रोहिणी

दिंद्रुडच्या धर्मराज जिनगरानं उभ्या जन्मात एक अख्खं चित्र काढलं नाही. काढले ते फक्त डोळे. घोड्याचे, मोराचे, पालखीवरच्या गरुडाचे, लग्नघराच्या भिंतीवरच्या हत्तींचे. बाकीचा सगळा घोडा, सगळा मोर इसाक नक्काशाचा. धर्मराजचा वाटा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पण तो दाणा पडल्याशिवाय इसाकचं एकही काम पुरं होत नसे.

आता तुम्ही म्हणाल, ही कुठली रीत? तर ऐका. इसाकच्या घरी नक्काशी पिढीजात, पण वाडवडिलांचा दंडक असा, की जित्या जिवाचं चित्र काढायचं ते बिनडोळ्यांचं. डोळा घातला की चित्र जितं झालं, आणि जितं करणं माणसाचं काम नव्हे. बरं, गिऱ्हाइकाला आंधळा घोडा चालतो का? दारावर आंधळा मोर कोण काढून घेईल! मग इसाकच्या आज्यानं तोड काढली. शेजारच्या जिनगराला हाक मारली आणि म्हणाला, चित्र माझं, डोळे तुझे. तुमच्यात तर मूर्तीचे डोळे उघडणं पुण्याचं काम. जिनगर खोगिरं शिवून कंटाळलेला, त्यानं लगेच हो म्हटलं. तेव्हापासून ही दोन घरं एकमेकांना बांधली गेली ती नातवांपर्यंत.

कामाची पद्धतही ठरून गेली होती. इसाक चित्र पुरं रंगवायचा, डोळ्याची जागा कोरी ठेवायचा आणि तिथं पिवडीचा, म्हणजे पिवळ्या मातीचा, एक बारीक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे खूण, की बुबुळ इथं. धर्मराज त्या ठिपक्यावर सफेदा भरायचा, सफेदा वाळला की काजळीनं बुबुळ, आणि त्यात सुईच्या टोकाएवढी पांढरी चमक. झालं! घोडा बघायला लागायचा. पिवळा ठिपका सफेद्याखाली गडप. ह्यात दोघांना बोलायची कधी गरज पडली नाही. इसाक चित्र आणून ठेवायचा आणि चिलीम पेटवायचा, धर्मराज ठिपका शोधायचा.

काम मालकाच्या पसंतीला उतरलं, की इसाक मालकासमोरच कोपऱ्यात वळणदार अक्षरात आपलं नाव लिहायचा. पसंतीआधी नाव लिहिणं त्यांच्यात हलकेपणाचं समजत. इसाक नाव लिहायला बसला की धर्मराज बाजूला उभा राहून त्याच्या बोटांकडं बघत राहायचा. एकदा म्हणाला होता, "माहं बी नाव टाक की बे कधी."

"टाकतो की," इसाक हसला. "डोळ्याएवढंच टाकू का?"

दोघंही हसले. पण धर्मराजला ते लागलं. घरी बायको साखराबाई होतीच मीठ चोळायला. "अवं, जत्रंत लोकं म्हणत्यात, इसाकमियाँनं कसा जिता घोडा काढलाय! जिता कुणी केला त्याला? तुमाला तोंड न्हाई का?"

तोंड होतं, पण त्यातून शब्द निघत नसे. माणूसच तसा. कुणी शिवी दिली तर त्याचं उत्तर ह्याला दुसऱ्या दिवशी सुचायचं.

मग हैदराबादेत निजाम बदलला त्याच्या आदल्या साली आभाळात शेपटीचा तारा निघाला. लोकांनी काय काय नाही केलं! कुणी नवस बोललं, कुणी पेरणी करावी का नको म्हणून जोश्याकडं खेटे घातले. दिंद्रुडचे विठ्ठलराव, मोठे जमीनदार, त्यांनी तर घरी शांत करून घेतली. तारा आला तसा गेला, कुणाचं काही वाकडं झालं नाही, पण विठ्ठलरावांना आभाळाचा नाद लागला. सदरेवर बसून येईल त्याला विचारायचे, हे नक्षत्र कोणतं, ती रास कुठली. अशात त्यांच्या कानावर आलं, की इसाकच्या घरी आभाळाचा जुना नकाशा आहे.

होताच. इसाकच्या आज्यानं तो आपल्या उस्तादाच्या नकाशावरून उतरवलेला. दौलताबादी जाड कागद, मागून कापड डकवलेलं, घडीवर फाटलेला, कडेला वाळवी लागलेली. विठ्ठलरावांनी बघितला आणि हरखलेच. म्हणाले, "इसाक, अस्साच नवा करून दे. माझ्या सदरेची भिंत भरली पाहिजे. आमची लेक सत्यभामा बाळंतपणाला येणार हाय, तिच्या सासरचे आष्टीचे पाव्हणे येतील, त्यांनी तोंडात बोट घातलं पाहिजे."

इसाक तिथून तडक धर्मराजकडं आला. "धर्मा, असं काम जन्मात एकदा येतं. ह्या नकाशावर दोन नावं येतील. माहं उजव्या अंगाला, तुहं डाव्या. जबान दिली."

"खरं म्हणतूस?"

"खरं बे! आज्याच्या नकाशाला डोळेच न्हाईत. त्याच्या उस्तादाच्याला बी नव्हते. आभाळाचे डोळे पैल्यांदा तू उघडणार. तुहं नाव नको व्हय?"

धर्मराजला त्या रात्री जेवण गेलं नाही. आनंदानंच गेलं नाही. माणसाला काय काय हवं असतं! कुणाला जमीन, कुणाला पोरगा. ह्याला सदरेवरच्या एका कागदाच्या डाव्या कोपऱ्यात आपलं नाव हवं होतं. दुसरं काही नाही.

इसाक कामाला लागला, आणि धर्मराज खोगिरं टाकून त्याच्या ओसरीवर जाऊन बसू लागला. निळीचं गोल आभाळ, मधे बारा राशी, भोवती बाकीची चित्रं. सिंह, विंचू, खेकडा हे ओळखीचे. पण एक बाई साखळदंडानं बांधलेली, एक माणूस राक्षसाचं मुंडकं हातात धरून निघालेला, एकानं हा भलामोठा साप कवेत घेतलेला, एक जहाज, तेही मागून तुटलेलं. आणि प्रत्येकाच्या अंगावर, खांद्यावर, गुडघ्यावर, शेपटीवर सोन्याचे ठिपके. ते तारे. चित्र नुसतं आधाराला, खरी मातब्बरी ठिपक्यांची.

"आन् हे काय?" धर्मराजनं विचारलं.

"अस्वल."

"अस्वल? आरं, हे तर सप्तर्षी, आमची म्हातारीची बाज! हे चार खूर, आन् हे तीन चोर बाज पळवायलेत."

"आमच्या आजीच्या तोंडी हा जनाजा होता. आन् मागून तीन पोरी रडत निघाल्यात."

"मंग अस्वल कुणाचं?"

"नकाशा काढणाराचं," इसाक म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले. त्या दोघांचे ते दिवस सुखाचे गेले, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. इसाकचा हात त्या नकाशावर असा चालला, की त्याच्या बायकोलाही, अमीरबीलाही, चुलीवरचं सोडून बघायला यावंसं वाटायचं.

शेवटी नकाशा धर्मराजच्या ओसरीवर आला. डोळे नेहमीच शेवटी. इसाकनं प्रत्येक चित्राच्या कोऱ्या खोबणीत आपला पिवडीचा ठिपका दिलेला होता. सिंहाला दिला, अस्वलाला दिला, सापाला दिला. बैलाला मात्र दिला नव्हता. कारण वृषभ राशीच्या बैलाचा डोळा म्हणजेच रोहिणी. जुन्या नकाशात डोळ्याच्या जागी ताराच होता, त्यावरून इसाकनं तिथं सोन्याचा ठिपका दिला आणि सोडून दिलं. त्याला वाटलं असेल, सोनं आणि पिवडी कुणालाही वेगळी दिसेल. का वाटलंच नाही काही? आयुष्यभर ज्यानं डोळ्याबद्दल एक शब्द बोलायची गरज ठेवली नाही, त्याला त्या दिवशीच कसं सुचावं!

आणि धर्मराज? त्याचा हात ठिपका दिसला की आपसूक चालायचा. कोऱ्या खोबणीत पिवळा ठिपका, म्हणजे खूण. त्यानं सफेदा भरला. वाळू दिला. बुबुळ काढलं. बैलाचा डोळा तर असा उतरला, की साखराबाई म्हणाली, "आता शिंग मारतोय का काय!" धर्मराजला स्वतःचंच कौतुक वाटलं. इसाकनं येऊन नकाशा उभा करून बघितला, लांबून बघितला, धर्मराजच्या पाठीवर थाप मारली. पिवळा ठिपका सफेद्याखाली जायचा, हे त्याच्याही डोळ्यांना इतकं सवयीचं, की सोन्याचा गेला हे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

नकाशा सदरेवर गेला. दोघांनी मिळून टांगला. विठ्ठलराव, आष्टीहून आलेले व्याही, चार प्रतिष्ठित मंडळी, जोशीबुवा. इसाक पथारीच्या कडेला, धर्मराज सदरेच्या पायरीवर. सगळ्यांच्या तोंडून वाहवा. व्याह्यांनी खरोखरच तोंडात बोट घातलं. विठ्ठलराव म्हणाले, "पसंत! इसाक, घे बोरू, लिही नाव."

इसाकनं बोरू शाईत बुडवला. पायरीवर धर्मराज उठून उभाच राहिला. आणि तेवढ्यात जोशीबुवा बोट नाचवत म्हणाले, "थांबा. ह्या कृत्तिका. हे मृग. मधली रोहिणी कुठंय?"

सगळे पुढं सरकले. शोधाशोध झाली. रोहिणी नाही.

"मालक," जोशीबुवांचा आवाज बारीक झाला, "सत्यभामाबाईंचं जन्मनक्षत्र रोहिणी."

विठ्ठलरावांच्या कपाळावरची शीर उठली. आत पोरगी दिवस भरत आलेली, समोर तिचा सासरा बसलेला, आणि आभाळातून नेमकं तिचंच नक्षत्र गायब! "कुणाचं काम हे?" ते इतक्या जोरात ओरडले, की आतल्या बायका दाराशी आल्या.

इसाकचा चेहरा उतरला. त्याला समजलं होतं. एका क्षणात सगळं समजलं होतं, सोनं, पिवडी, सफेदा, सगळं. तो म्हणू शकला असता, सरकार, आमची चूक झाली. आमची! तीन अक्षरं. तेवढ्यानं काही त्याची मान कापली जात नव्हती.

तो म्हणाला, "सरकार, डोळे माहे न्हाईत. मी डोळे घालत न्हाई, साऱ्या मुलखाला ठावं हाय. डोळे ह्याचे." आणि पायरीकडं हात केला.

एक शब्द खोटा नव्हता हो त्यात! खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

धर्मराज हात जोडून म्हणाला, "मालक, खाली तारा हाय. सोन्याचा एक टिपका वर दिला की झालं. आत्ता देतो."

"विझवलेलं नक्षत्र वरून चिकटवतोस व्हय रे?" जोशीबुवा कडाडले. "दोष दुप्पट होईल. आहे तसं राहू द्या, मी जप सांगतो. पण दोष ज्याचा त्याच्या माथी राहिला पाहिजे."

विठ्ठलरावांना ते पटलं. कुणाच्या तरी माथी मारायला मिळालं की मोठ्या माणसाचा जीव शांत होतो. ते म्हणाले, "इसाक, लिही. ह्याचं बी नाव लिही. बाळबोध लिही, सगळ्यांना वाचता आलं पाहिजे."

आणि इसाकनं लिहिलं. उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, नेहमीचं, वळणदार. डाव्या कोपऱ्यात, मोत्यासारख्या अक्षरात: रोहिणी बुजवली ती धर्मराज जिनगर याने. दोन नावं. जबान दिल्याप्रमाणे, उजव्या अंगाला एक, डाव्या अंगाला एक.

बाहेर आल्यावर इसाक म्हणाला, "धर्मा, काय करणार होतो मी? माहं घर ह्या सदरेवर चालतंय. मी खोटं तर न्हाई ना बोललो?"

"न्हाई," धर्मराज म्हणाला. आणि घराच्या वाटेला लागला.

गावाला काय, विषयच हवा होता. तेलगावच्या बाजारात अनोळखी माणूस खोगीर घ्यायला थांबायचा आणि विचारायचा, "तुमीच का ते रोहिणीवाले?" पाऊस ओढ देऊन राहिला, तर लोक म्हणायला लागले, येईल कसा, जिनगरानं रोहिणीच बुजवली. हसत म्हणायचे, पण म्हणायचे. ज्या नावासाठी जीव टाकला होता, ते नाव आता कुणी घेतलं की धर्मराज हातातलं खोगीर टाकून आत निघून जायचा. रात्रंदिवस त्याला एकच ध्यास लागला, ते नाव तिथून निघालं पाहिजे.

साखराबाई म्हणाली, "बाईचं बाळंतपण नीट होऊ द्या. मंग दोष कुठं ऱ्हायला? जाऊन हात जोडा, पुसत्याल."

तेवढ्या आशेवर माणूस जगला. दुसऱ्याच्या लेकीच्या सुटकेसाठी कुणी इतके देव पाण्यात घातले नसतील! आणि सत्यभामाबाई सुखरूप सुटल्या. मुलगा झाला, चांगला टपोरा. गावभर साखर वाटली. धर्मराजच्या घरीही आली, आणि ती तोंडात टाकून तो तसाच सदरेवर गेला.

सदरेवर इसाक बसलेला होता. बारशाच्या पाळण्यावर पोपट रंगवत होता. आठवड्यांमागून आठवडे दोघं एकमेकांना चुकवत होते, आज समोरासमोर आले.

विठ्ठलराव खुशीत होते. "ये धर्मराज! कशापायी आलास?"

"मालक, बाईचं समदं नीट झालं. आता तेवढं नाव पुसा. पाया पडतो."

तो विषय विठ्ठलरावांच्या डोक्यातून केव्हाच गेलेला होता. म्हणाले, "हात्तिच्या! ते व्हय? पुसू की. काय रे इसाक, निघंल का? कागद नासायचा न्हाई ना?"

आता शाईचं सांगतो. घोटलेला कागद आणि काजळीची शाई, ओल्या बोटानं निघते. फडकं फिरवलं की मागमूस राहत नाही. इसाकनं स्वतःच्या हातानं शंभर वेळा पुसलेलं, धर्मराजनं शंभर वेळा बघितलेलं.

इसाकनं पोपटावर वाकलेली मान वर केली नाही. म्हणाला, "डाग पडंल, सरकार."

धर्मराजला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग उमगलं, आणि जे उमगलं ते पहिल्या दिवसापेक्षा वाईट होतं. त्या दिवशी इसाक घाबरला होता. आज घाबरायचं काही कारण नव्हतं. पण डावीकडचं नाव पुसलं, तर रोहिणी बुजल्याचं उजवीकडच्या एकट्या नावाला निस्तरावं लागलं असतं. इसाकला ते नाव तिथं हवं होतं. कायमचं.

"तू बी कामातला माणूस हायस," विठ्ठलराव धर्मराजला म्हणाले. "तुला काय वाटतं? पडंल डाग?"

अरे बोल की, बाबा! बोट ओलं कर, पुढं हो, पुसून दाखव! मालक स्वतः विचारत होते. पण मग इसाक मालकासमोर खोटारडा ठरला असता, आणि त्याची सदर तिथंच बंद झाली असती. धर्मराजनं इसाकच्या वाकलेल्या मानेकडं बघितलं. त्या मानेवर त्याला राग आला, किळस आली, आणि तरीही त्याची सदर तोडवेना.

"पडंल, मालक," तो म्हणाला. "इसाकमियाँ म्हणत्यात ते बराबर हाय."

"मंग ऱ्हाऊ दे," विठ्ठलराव म्हणाले. "अक्षर बी किती सुरेख हाय! पाव्हणे आवर्जून वाचत्यात."

धर्मराज पायऱ्या उतरला. मागून इसाक धावत आला, पार वेशीपर्यंत. धापा टाकत म्हणाला, "धर्मा, तुहे उपकार... जन्मभर..." मग खालच्या आवाजात, "ते पोपट तेवढे ऱ्हायलेत. बारसं जवळ आलंय. डोळे घालून दे."

ह्या वेळी धर्मराजला उत्तर जागच्या जागी सुचलं. जन्मात पहिल्यांदा.

"तूच घाल बे," तो म्हणाला. "आन् वर गेल्यावर कुणी विचारलं, तर माहं नाव सांग. सवय हाय तुला."

त्यानंतर धर्मराजनं डोळे काढले नाहीत. सफेद्याची वाटी उकिरड्यावर फेकली आणि खोगिरं शिवत राहिला. त्याला वाटत होतं, आपल्यावाचून इसाकचं काम अडेल. आंधळे पोपट घेऊन तो दारात येईल, रडेल, चार शब्द बोलेल. बारशाच्या दिवशी तर धर्मराज सकाळपासून ओसरीवरच बसून होता.

कुणी आलं नाही. दुपार कलल्यावर साखराबाई बारशाहून परत आली, पदरात घुगऱ्या होत्या.

"पाळणा बघितला?" धर्मराजनं विचारलं.

"बघितला."

"पोपट?"

साखराबाईनं घुगऱ्या परातीत ओतल्या. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "डोळे हायत त्यांना. जरा तिरळे आल्यात, पण कुणाच्या ध्यानात आलं न्हाई."